वजन उतरवण्यासाठी वनस्पतिजन्य सप्लिमेंट घ्यायचंच असेल, तर

काहीही विकत घेण्याआधी एक आकडा मनात पक्का करा. वजन घटवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या वनौषधींच्या ५४ नियंत्रित चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळीच्या, म्हणजे प्लॅसिबोच्या तुलनेत निदान अडीच किलो जास्त उतरले तरच तो फरक उपयोगाचा, असा निकष अभ्यासकांनी लावला होता. पांढऱ्या राजम्याचा अर्क संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला, पण फरक निघाला साधारण १.६ किलोचा. आणखी काही अर्कांचे आकडे याहून बरे दिसले, मात्र त्या प्रत्येकामागे जेमतेम दोन-तीन चाचण्या होत्या. याच्या शेजारी सेमाग्लुटाइड हे वजन घटवण्याचं औषध ठेवून बघा: आठवड्याला २.४ मिलिग्रॅमचं इंजेक्शन, ६८ आठवडे, सरासरी घट सुमारे १५ टक्के. ९० किलोच्या माणसासाठी ही घट साडेतेरा किलोच्या घरात जाते.

तेव्हा या बाटल्यांकडे लठ्ठपणावरचा उपचार म्हणून पाहू नका. आहार आणि हालचाल नीट चालू असेल तर त्यांना लावलेला छोटासा टेकू, एवढीच त्यांची लायकी आहे. काही टेकू बऱ्यापैकी सुरक्षित आहेत, काही यकृताला महागात पडतात, आणि काहींमध्ये लेबलावर लिहिलेली वनस्पतीच नसते.

आधी कोणी थांबायचं

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, १८ वर्षांखालची मुलं, यकृताचा आजार असलेले किंवा पूर्वी एखाद्या औषधाने कावीळ झालेले, आणि खाण्याच्या विकाराचा इतिहास असलेले, या सगळ्यांनी इथेच थांबावं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर निदान दोन आठवडे आधी सगळी वनस्पतिजन्य सप्लिमेंट बंद करायची आणि भूलतज्ज्ञांना त्यांची नावं सांगायची.

रक्त पातळ करणारी औषधं, मधुमेह, थायरॉइड, हृदय, मानसिक आजार किंवा अवयव प्रत्यारोपणाची औषधं चालू असतील तर डबा घेऊन डॉक्टरांकडे किंवा औषधविक्रेत्याकडे जा. ‘हर्बल काहीतरी घेतो’ असं मोघम सांगितल्याने त्यांना काहीच कळत नाही. मागच्या बाजूची घटकांची यादी दाखवा. आणि वजन अलीकडे अचानक वाढलं असेल, तर कारण आधी शोधा. स्टेरॉइड, इन्सुलिन, काही मानसोपचाराची औषधं आणि मंदावलेलं थायरॉइड वजन वाढवतात. तिथे अर्काची कॅप्सूल काही करू शकत नाही.

पहिली निवड: फुगणारा चोथा

एकच गोष्ट करून बघायची असेल तर ती विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या चोथ्याची (फायबरची) करा. कारण साधं आहे: हे पदार्थ रक्तात शोषले जात नाहीत, पोटातच काम करतात, त्यामुळे यकृतावर भार नाही. पाणी धरून त्यांचा लगदा होतो, जठर सावकाश रिकामं होतं आणि ताटावरून लवकर उठावंसं वाटतं.

ग्लुकोमॅनन हा चोथा कोंजॅक या कंदापासून काढतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा कंद सुरणाचा भाऊबंद. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये वजन घटवण्याबाबतचा त्याचा दावा मान्य केला, पण अटींसह: दिवसाला एकूण ३ ग्रॅम, १-१ ग्रॅमच्या तीन मात्रा, प्रत्येक मात्रा जेवणाआधी १ ते २ ग्लास पाण्याबरोबर, आणि तेही कमी कॅलरीचा आहार चालू असताना. डब्यावरच्या जाहिरातीतून नेमकी शेवटची अट गळून पडते. सगळ्याच चाचण्यांत फरक दिसला असंही नाही, म्हणून अपेक्षा बेताची ठेवा.

घेण्याची रीत महत्त्वाची, कारण याचा मुख्य धोका रासायनिक नाही, यांत्रिक आहे. ग्लुकोमॅनन स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ओढून घेतं. कमी पाण्याबरोबर गिळलेली गोळी अन्ननलिकेतच फुगते आणि अडकते. अशा घटनांमुळेच ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात त्याच्या गोळ्यांवर बंदी आली. म्हणून गोळी टाळा, भुकटी किंवा कॅप्सूल घ्या. भुकटी असेल तर आधी ग्लासात २५० मिलिलिटर पाणी, मग ढवळत ढवळत १ ग्रॅम भुकटी, या क्रमाने. उलट केलं तर तळाशी गुठळ्या होतात. ढवळून झाल्यावर लगेच प्या. दोन-तीन मिनिटं ठेवलं तर चमच्याने खावं लागेल. त्यावर आणखी एक ग्लास पाणी. बसून किंवा उभ्याने घ्या आणि झोपायच्या आधी घेऊ नका. जेवणाआधी १५ ते ३० मिनिटं ही वेळ बरी.

पहिला आठवडा दिवसातून एकदाच, सर्वांत मोठ्या जेवणाआधी. दुसऱ्या आठवड्यात दोनदा, तिसऱ्यात तीनदा. थेट ३ ग्रॅमवर उडी मारणाऱ्यांचं पोट फुगतं, वारा सरतो, आणि चौथ्या दिवशी डबा कपाटात जातो. शौचाला खडा होऊ लागला तर चोथा वाढवू नका. पाणी कमी पडतंय असं समजा.

इसबगोलाचा भुसा याच जातीचा, आणि त्यावर अभ्यासही पुष्कळ झाला आहे. एका वेळी ५ ग्रॅम, कमीत कमी २४० मिलिलिटर पाण्यात, आणि वाढवण्याची चाल वरच्यासारखीच सावकाश. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो फारसा आंबवत नाहीत, त्यामुळे वारा कमी होतो. वजनाच्या बाबतीत त्याचा परिणाम छोटा आणि अनिश्चित आहे. मात्र बद्धकोष्ठता आणि वाईट कोलेस्टेरॉल या दोन्हींवर त्याचा पुरावा बराच भक्कम आहे. कोलेस्टेरॉलसाठी दिवसाला ७ ग्रॅम विद्राव्य चोथा लागतो, म्हणजे साधारण १० ग्रॅम भुसा. वजन नाही उतरलं तरी काहीतरी पदरात पडतं, हे बाकीच्या बाटल्यांबद्दल म्हणता येत नाही.

दोन्हींसाठी एक नियम पाळाच. हा लगदा इतर औषधं स्वतःत अडकवून ठेवतो. औषधं चोथ्याच्या निदान एक तास आधी किंवा चार तास नंतर घ्या. थायरॉइडच्या गोळीच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा, नाहीतर मधूनच टीएसएच, म्हणजे रक्तचाचणीतला थायरॉइडचा आकडा, वाढलेला दिसतो आणि कारण सापडत नाही. गिळायला त्रास होणाऱ्यांनी आणि आतडं अरुंद असलेल्यांनी हे अजिबात घेऊ नये. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी पहिले दोन आठवडे साखर जास्त वेळा तपासावी.

राजम्याचा अर्क: कोणत्या जेवणाला?

पांढऱ्या राजम्यातलं एक प्रथिन पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या विकराला (एन्झाइमला) अडवतं. त्यामुळे हा अर्क फक्त पिष्टमय जेवणाच्या आधी घेतला तरच काही अर्थ आहे. तेल, तूप, साखर, मद्य यांच्यावर त्याचा परिणाम शून्य. साखर पचवायला अमायलेज लागतच नाही. न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं, म्हणून गुडगुड आणि वारा हे दुष्परिणाम अपेक्षितच समजा.

घरगुती जुगाड करणाऱ्यांसाठी इशारा: राजमा शिजवला की हा रोधक निकामी होतो, आणि कच्चा राजमा दळून खाल्ला तर त्यातल्या लेक्टिन या विषारी प्रथिनामुळे काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब होतात.

ग्रीन टी: चहा वेगळा, अर्क वेगळा

इथे जरा थांबून हिशोब शिकून घेऊ, कारण हाच हिशोब प्रत्येक बाटलीला लागू पडतो.

ग्रीन टीच्या अर्कातला मुख्य घटक ईजीसीजी. युरोपीय प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितलं की सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेतलं की यकृतातल्या विकरांची रक्तातली पातळी वाढू लागते. समजा लेबलावर लिहिलंय: ‘ग्रीन टी अर्क ५०० मिलिग्रॅम, ४५ टक्के ईजीसीजी; २ कॅप्सूल दिवसातून ३ वेळा’. एका कॅप्सूलमध्ये ५०० चे ४५ टक्के, म्हणजे २२५ मिलिग्रॅम. दिवसाच्या ६ कॅप्सूल म्हणजे १३५० मिलिग्रॅम. डब्यावर सांगितलेली मात्राच मर्यादेच्या खूप पुढे गेली. लेबलावर ‘पॉलिफिनॉल ९८ टक्के’ एवढंच असेल आणि ईजीसीजी किती ते नसेल, तर हिशोब करताच येत नाही. तो डबा ठेवून द्या. ‘१०:१ अर्क’ हा आकडाही फसवा आहे. १० किलो पानांपासून १ किलो अर्क काढला एवढंच त्यातून कळतं, कामाचा घटक किती ते नाही.

आणि एवढं करून मिळतं काय? २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार ग्रीन टीमुळे होणारी वजनातली घट इतकी किरकोळ, की रुग्णाच्या दृष्टीने ती धरायचं कारण नाही. तरीही घ्यायचं ठरवलं तर दिवसाचं ईजीसीजी ८०० च्या बरंच खाली ठेवा आणि कॅप्सूल रिकाम्या पोटी घेऊ नका. उपाशीपोटी ईजीसीजी रक्तात जास्त चढतं. सुरू करण्याआधी यकृताची रक्तचाचणी करून घ्या म्हणजे पुढे तुलनेला आकडा हाती राहील. नॅडोलॉल हे रक्तदाबाचं औषध घेणाऱ्यांनी टाळावंच, कारण ग्रीन टीमुळे त्याचं शोषण घटतं. पानं गरम पाण्यात घालून केलेल्या चहाच्या बाबतीत एवढी धास्ती नको. यकृताच्या बहुतेक तक्रारी दाट अर्काच्या आहेत.

कॅफीनचाही हिशोब इथेच करा. निरोगी प्रौढांसाठी दिवसाची वरची मर्यादा ४०० मिलिग्रॅम. ग्वाराना, येर्बा माते, कोला नट, ग्रीन कॉफी ही सगळी कॅफीनचीच वेगवेगळी रूपं. मिश्रणात तीन नावं असली तरी बेरीज एकच धरायची, आणि त्यात रोजची कॉफी मिळवायची.

बर्बेरिन

दारुहळदीच्या कुळातून मिळणारं हे पिवळं अल्कलॉइड. चाचण्यांत ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोन-तीनदा, जेवणाआधी दिलेलं आहे. लहान चाचण्यांत, तेही मुख्यतः मधुमेह किंवा चयापचयाच्या तक्रारी असलेल्यांमध्ये, सुमारे २ किलोची घट दिसली. रक्तशर्करेवरचा परिणाम त्याहून स्पष्ट आहे. समाजमाध्यमांवर त्याला सेमाग्लुटाइडचा नैसर्गिक अवतार म्हणतात, ते नुसतं ऐकून सोडून द्यावं. वरचे आकडे पुरेसे बोलके आहेत.

शोषण इतकं कमी की बराचसा भाग आतड्यातच राहतो, म्हणून जुलाब, मुरडा किंवा उलट बद्धकोष्ठता ही नेहमीची तक्रार. दिवसातून एकदा ५०० पासून सुरू करून आठवड्याने वाढवलं तर त्रास कमी होतो. खरी अडचण औषधांशी होणाऱ्या टकरीची आहे. यकृतातले औषधं मोडणारे काही विकर बर्बेरिन अडवतं, त्यामुळे सायक्लोस्पोरिनसारख्या (अवयव प्रत्यारोपणानंतर देतात त्या) औषधांची रक्तातली पातळी वाढते. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर साखर खाली जाऊ शकते. गरोदरपणात आणि स्तनपानात हे पूर्ण वर्ज्य: नवजात बाळात ते बिलिरुबिन या काविळीच्या पिवळ्या द्रव्याला रक्तातल्या प्रथिनावरून सुटं करतं आणि सुटं झालेलं बिलिरुबिन मेंदूपर्यंत पोचण्याचा धोका असतो.

जाता जाता: मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाचं मूळही गॅलेगा या वनस्पतीतल्या रसायनांत आहे. वनस्पतीतून औषध निघतं यात वाद नाही. ते रेणू शुद्ध करून, मात्रा ठरवून, हजारो लोकांवर तपासून मग निघतं.

ज्यांच्यावर वेळ घालवू नये

गार्सिनिया कम्बोजिया, म्हणजे कोकमाच्या कुळातलं फळ. त्यातलं एचसीए शरीरात चरबी तयार होण्याची एक पायरी रोखतं, हे परीक्षानळीत खरं. १९९८ मध्ये १३५ जणांवर १२ आठवडे दिवसाला १५०० मिलिग्रॅम एचसीए देऊन पाहिलं, तर प्लॅसिबोपेक्षा वजन जास्त उतरलं नाही. उलट यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र जमत गेल्या. फायदा नाही आणि धोका आहे, तर विषय संपला.

ग्रीन कॉफीची हवा ज्या चाचणीमुळे झाली, तो शोधनिबंध २०१४ मध्ये मागे घेतला गेला. हूडिया या निवडुंगासारख्या वनस्पतीच्या अर्काने नियंत्रित चाचणीत खाणं कमी झालं नाही. रक्तदाब आणि नाडीचे ठोके मात्र वाढले. एफेड्रा या उत्तेजक वनस्पतीच्या सप्लिमेंटवर अमेरिकेत २००४ मध्ये बंदी आली, हृदय आणि मेंदूवरच्या आघातांमुळे. त्याच्या जागी आलेलं कडू संत्र्यातलं सिनेफ्रिन कॅफीनच्या जोडीने घेऊ नका, रक्तदाब असेल तर मुळीच नाही. ‘डिटॉक्स’ चहात बहुधा सोनामुखी असते. तिने आतड्यातलं पाणी जातं, चरबी जात नाही. काटा दोन दिवस खाली दिसतो आणि पाणी प्यायलं की परत येतो. महिनोन्महिने घेतल्यास पोटॅशियम घसरतं.

डब्यात भलतंच असेल तर

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात भेसळ पकडलेल्या ७७६ सप्लिमेंटपैकी सुमारे ४१ टक्के वजन घटवण्याची होती. त्यांत सर्वाधिक सापडलं सिब्युट्रामीन, म्हणजे हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०१० मध्ये बाजारातून काढलेलं औषध. म्हणून उलटा तर्क लावा: एखाद्या ‘शुद्ध वनस्पती’ने पहिल्याच आठवड्यात भूक पार मेली, तोंड कोरडं पडलं, छाती धडधडू लागली, झोप उडाली, तर आनंद मानू नका. वनस्पती एवढ्या जोरात काम करत नाही. आत काहीतरी दुसरं आहे.

वनस्पतीच बदलली गेल्याचे प्रकारही आहेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या मिश्रणात एका चिनी मुळीच्या जागी अरिस्टोलोकिया आली आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडं खराब झाली. पुढे अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. अलीकडे, २०२३ मध्ये, तेहोकोते या मेक्सिकोतल्या झाडाचं मूळ म्हणून ऑनलाइन विकलेल्या मालात पिवळी कण्हेर, म्हणजे आपली बिट्टी, निघाली. तिचं विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं.

खरेदी करताना एकच घटक असलेलं उत्पादन घ्या, वनस्पतीचं लॅटिन नाव आणि वापरलेला भाग लिहिलेला असावा, कामाच्या घटकाचे मिलिग्रॅम स्वतंत्र दिलेले असावेत. ‘खास मिश्रण’ म्हणून एकूण वजन दिलंय आणि आतल्या दहा नावांपुढे काहीच नाही, असा डबा नको. यूएसपी किंवा एनएसएफसारख्या स्वतंत्र तपासणीचा शिक्का असेल तर चांगलं, पण त्याचा अर्थ एवढाच की लेबलावर आहे ते डब्यात आहे. वजन उतरेल याची ती हमी नाही.

लागू पडतंय का, हे कसं ओळखायचं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आहार, चालणं आणि कॅप्सूल एकाच सोमवारी सुरू करायची आणि महिन्याने श्रेय कॅप्सूलला द्यायचं! तसं करू नका. आधी चार आठवडे फक्त आहार आणि हालचाल. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर वजन घ्या. मीठ, पाणी, पाळी यांमुळे ते एक-दोन किलो सहज वरखाली होतं, म्हणून एका दिवसाच्या आकड्याकडे बघू नका. सात दिवसांची बेरीज भागिले सात, हा आठवड्याचा आकडा. आठवड्यातून एकदा कंबर मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता.

मग सप्लिमेंट सुरू करा, बाकी काहीही बदलू नका, आणि १२ आठवडे हीच वही चालू ठेवा. आहाराने होणारी घट काळाप्रमाणे आपोआप मंदावते, हे ध्यानात ठेवून वेग ताडा. सरासरीत काहीच फरक नसेल तर थांबा; मात्रा वाढवू नका आणि दुसरी बाटली जोडू नका. फरक वाटत असेल तर चार आठवडे बंद करून बघा. बंद असतानाही घट तशीच चालू राहिली, तर काम आहारच करत होता.

कधी त्याच दिवशी बंद करायचं

लघवी चहासारखी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं, किंवा कारणाविना मळमळ आणि गळून जाणं: यांपैकी काहीही दिसलं तर पुढची मात्रा घेऊ नका आणि यकृताची रक्तचाचणी करा. ग्रीन टीच्या अर्काने होणारी इजा साधारण एक ते सहा महिन्यांत उगवते, त्यामुळे ‘तीन महिने घेतोय, आता काय होणार’ हा युक्तिवाद चालत नाही. बरं झाल्यावर तेच पुन्हा सुरू करू नका; दुसऱ्या वेळी इजा लवकर आणि जास्त जोरात होऊ शकते. छातीत दुखणं, ठोके चुकणं, चक्कर, किंवा चोथा घेतल्यावर घशाशी अडकल्यासारखं होऊन थुंकीही गिळता न येणं, यांसाठी थेट तातडीच्या विभागात जा.

जाताना उरलेल्या कॅप्सूलसकट डबा बरोबर न्या, बॅच क्रमांकाचं लेबल फाडू नका. भेसळ असेल तर ती त्या कॅप्सूलच तपासून कळते, आणि बहुतेक जण घाबरून पहिल्यांदा डबाच फेकून देतात.